अकरा मीटरचे भांडण

‘‘मी मारलं नाही त्याला! मी माझ्या लाइनवरच होतो!’’

शनिवारची रात्र होती, पावणेदहाचा सुमार. मी सोप्यात बातम्या बघत बसलो होतो. सौभाग्यवती रविवारच्या उसळीसाठी मटकी निवडत होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, नुकतेच अंथरुणाला टेकले होते. आतल्या खोलीतून चिरंजीवांचा हा आवाज आला आणि आम्ही तिघेही दचकलो. आमच्या घरात कोण कोणाला मारणार?

मारामारी झाली होती ती पडद्यावर. आमचे चिरंजीव कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि त्यांना मोटारींच्या शर्यतींचा नाद आहे. आता कोल्हापूरच्या पोराला शर्यतीचा नाद असणे यात नवल काही नाही. फरक इतकाच, की पूर्वी हा नाद माळावर नेऊन पुरा करावा लागे, आता तो अभ्यासाच्या टेबलावर होतो. टेबलाला स्टीअरिंगचे चाक घट्ट बसवलेले, खाली तीन पेडल आणि समोर पडदा. दर शनिवारी साडेनऊला पुण्याची, बंगळूरची, हैदराबादची अशी वीस मुले एकाच ट्रॅकवर उतरतात. गाड्या खोट्या, पण नियम खरे. शर्यतीला पंच असतात, तक्रार करता येते, निकालही लागतो.

त्या रात्री निकाल लागला तो आमच्या मुलाच्या विरोधात. पुढच्या गाडीला जाणूनबुजून धडक दिली म्हणून तीन शर्यतींची बंदी. आठ महिने तो गुण जमवत होता. सगळे पाण्यात.

मी आत गेलो. मुलाने आपल्या संगणकावरचे चित्रण दाखवले. त्याच्या आणि पुढच्या गाडीत चांगली जागा दिसत होती. मग पंचांनी पाठवलेले चित्रण दाखवले. त्यात याची गाडी सरळ पुढच्याच्या मागच्या चाकावर जाऊन आदळली होती. मी शहाणपणाने म्हणालो, ‘‘अरे, पंच कशाला खोटं बोलतील? चूक झाली असेल तर कबूल करावी माणसानं.’’

तो काही बोलला नाही. त्याने चाकाचे स्क्रू सोडवले, चाक उचलून कपाटावर ठेवले आणि दिवा मालवला. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतेच बोलला. मुलगा भांडला असता तर बरे झाले असते, असे मला वाटत राहिले.

आमच्या पिढीला प्रत्येक दुखण्यावर एकच औषध ठाऊक : पैसे खर्च करणे. शेजाऱ्यांनी सांगितले, ‘‘नेट स्लो असेल तुमचं.’’ मी लगेच केबलवाल्याला फोन केला. आमच्याकडे ‘शंभर’चा प्लॅन होता, त्याचा ‘तीनशे’चा केला. महिन्याला अडीचशे रुपये जास्त आणि वर १८ टक्के जीएसटी. केबलवाल्याच्या मुलाने येऊन मोबाइलवर वेग मोजून दाखवला. काटा २९० वर जाऊन थांबला. मी खूश. शनिवार आला. चिरंजीवांना बंदी होती तरी सरावाला मुभा होती. मी हट्टाने त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. साडेनऊ वाजले आणि समोरच्या गाड्या बेडकासारख्या उड्या मारू लागल्या. आत्ता इथे असलेली गाडी एकदम दहा पावले पुढे. तीनशेचे पैसे भरून चित्र होते तेच.

मग मात्र मी इरेला पेटलो. तीस वर्षे सहकारी बँकेत खातेवह्या जुळवल्या आहेत. हिशेब जुळत नसेल तर झोप लागत नाही. मुलाला म्हटले, ‘‘हे तुझं प्रकरण मला पहिल्यापासून समजावून सांग.’’ त्याने सांगितले, काही मी वाचले, आणि जे हाती आले ते असे :

आपण ज्याला इंटरनेटचा ‘वेग’ म्हणतो तो खरा वेग नव्हेच. तो रस्त्याची रुंदी आहे. कोल्हापूरहून पुण्याला एका वेळी एक एसटी सोडली काय आणि तीन सोडल्या काय, माणसे तिप्पट जातील, पण प्रत्येक माणूस पोचायला लागणारा वेळ तोच. सिनेमा बघायचा, खेळाची पन्नास-शंभर जीबीची फाइल उतरवायची, तर रुंद रस्ता हवा. शर्यतीच्या वेळी मात्र तुमच्या संगणकाला फार थोडे सांगायचे असते : माझी गाडी इथे आहे, इतक्या वेगात आहे, चाक इतके वळवले आहे. असे छोटे निरोप सेकंदाला कित्येक वेळा जातात आणि येतात. सगळे मिळून एक एमबीपीएससुद्धा सहसा लागत नाही. निरोप मोठा नसतो, तो वेळेवर आणि ठेक्यात पोचावा लागतो.

हा निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे ‘पिंग’. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर ते मुंबई रस्त्याने पावणेचारशे किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन चार मिलिसेकंद पुरे. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरून आमच्याकडे पंधराच्या आसपास लागतो. चांगलाच म्हणायचा.

आता गाडी ताशी २०० किलोमीटरने पळते आहे असे समजा. सेकंदाला साडेपंचावन्न मीटर. पंधरा मिलिसेकंदांत ती हातभर सरकेल, फार तर दोन हात. पण निरोप दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचला, तर तेवढ्यात गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते. अकरा मीटर म्हणजे दोन मोटारींहून अधिक लांबी. मग समोरच्याचा संगणक काय करतो? तो अंदाज बांधतो. शेवटचा निरोप आला तेव्हा ही गाडी इथे होती, या दिशेला जात होती, तर आता तिथे असेल, असे ठरवून तो गाडी तिथे दाखवतो. सरळ रस्त्यावर हा अंदाज बरोबर येतो. वळणावर, आपल्या मुलाने ब्रेक दाबलेला असतो, पण ब्रेकची बातमी अजून वाटेत असते. त्यामुळे दुसऱ्याच्या पडद्यावर आपल्या मुलाची गाडी ब्रेक न लावता तशीच पुढे जाते आणि धडकते.

म्हणजे मुलाचे चित्रण खरे होते आणि पंचांचेही खरे होते.

अण्णा हे सगळे खाटेवरून ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘आमच्या येळंला बैलगाड्यांच्या शर्यतीत ह्येच व्हायचं. दोन गाड्या जोडीनं निशाणावर आल्या की हिकडच्या बाजूला हुबारलेली म्हणायची आमची बैलं फुडं, पल्याडची म्हणायची आमची. दोघं बी दंड थोपटायची आन् दोघं बी खोटं बोलत नव्हती. ज्यो ज्या बाजूला हुबा, त्याला त्या बाजूनंच दिसनार.’’ एवढे बोलून ते कुशीवर वळले. मला जे समजायला आठवडा लागला ते अण्णांना पन्नास वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

पण हिशेब अजून जुळत नव्हता. एरवी पंधरा मिलिसेकंद असणारा पिंग शनिवारीच का बिघडावा?

पिंग मोजायला वेगळे यंत्र लागत नाही. १९८३ मध्ये माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले. आजही जवळपास प्रत्येक संगणकात तो असतो. काळ्या खिडकीत ‘पिंग’ लिहून पुढे पत्ता द्यायचा, की एकेक निरोप जातो आणि परतीचा वेळ लिहून येतो. मी शंभर पानी वही घेतली. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री साडेनऊ, असे तीन आठवडे लिहीत गेलो. तीन गोष्टी नोंदवायच्या : सरासरी किती, त्यात चढउतार किती आणि शंभरातले किती निरोप परत आलेच नाहीत. चढउताराला ही मुले ‘जिटर’ म्हणतात आणि हरवलेल्या निरोपांना ‘पॅकेट लॉस’. हरवलेला निरोप या खेळात सहसा पुन्हा पाठवत नाहीत. पुन्हा पाठवून उपयोग काय? तोवर गाडी कुठच्या कुठे गेलेली असते. आपण साधे पोस्टकार्ड टाकत असू तसे हे. गहाळ झाले तर झाले, पुढचे टाकायचे.

वही भरली. सकाळी चौदा-पंधरा. दुपारी पंधरा-सोळा. रात्री सोळा, कधी वीस. आणि तिन्ही शनिवारी रात्री : १८०, २४०, २१०, शिवाय शंभरात पाच-सहा निरोप बेपत्ता.

वही मी स्वयंपाकघरात नेली. सौभाग्यवतींनी नुसती नजर टाकली आणि म्हणाल्या, ‘‘अहो, शनिवारी मारुतीच्या देवळातलं भजन संपवून तुम्ही नवाला येता. आल्या आल्या फोन चार्जिंगला लावता. त्याचा काही संबंध नाही ना?’’

वाचकहो, इथे मला थोडे खाली बघून लिहावे लागते आहे. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे चित्रण करण्याची हौस मला आहे. दीड तासाचे भजन, म्हणजे चार-पाच जीबी सहज. फोन चार्जिंगला लागला आणि घरच्या वायफायवर आला की तो सगळे चित्रण आपोआप वर, म्हणजे कंपनीच्या साठवणीत पाठवू लागतो. ही सोय मीच चालू केली होती. आणि आमच्या केबलवाल्याचा प्लॅन खाली येण्यासाठी तीनशेचा असला, तरी वर जाण्यासाठी होता फक्त दहाचा. शंभराचे तीनशे केले तेव्हाही वरचा दहा तसाच राहिला होता. आम्ही विचारले नाही, त्याने सांगितले नाही. दहाच्या वाटेवरून चार जीबी जायला जवळजवळ पाऊण-एक तास लागतो. म्हणजे साडेनऊची शर्यत सुरू होते तेव्हा घरातून बाहेर जाणाऱ्या अरुंद बोळात माझ्या टाळ-मृदंगाची दिंडी चाललेली आणि तिच्या मागे मुलाच्या गाडीचा एवढासा निरोप ताटकळत उभा.

राउटर काही टाकून द्यायला नको म्हणून सगळे रांगेत उभे करून ठेवतो. रांग लांबली की प्रत्येकाला उशीर होतो. या दुखण्याला इंग्रजीत ‘बफरब्लोट’ असे नाव आहे. मी फोन चार्जरवरून काढला, वायफाय बंद केले, पुन्हा पिंग पाहिला. १५. फोन लावला. १९०. काढला. १५.

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, ‘‘तुला मीच धडक मारली रे.’’ तो हसला. तीन आठवड्यांनी हसला.

पुढे कनेक्शन बदलायचे ठरवले तेव्हा आम्ही दोघे मिळून हिंडलो. या निमित्ताने जे शिकलो ते कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

पहिला प्रश्न ‘खाली किती’ हा नाही, ‘वर किती’ हा आहे. घरापर्यंत काचेची तार, म्हणजे फायबर, येत असेल तर बऱ्याच कंपन्या दोन्ही दिशांना सारखाच वेग देतात. घरात तीन-चार माणसे असली तर पन्नास किंवा शंभराचा असा प्लॅन खेळाला भरपूर होतो. तीनशेचा मोह नको. तांब्याच्या जुन्या टेलिफोन तारेवरून येणारे कनेक्शन अंतराने आणि पावसाने थकते. गच्चीगच्चीवरून ओढलेली तार तर वीज कडाडली की पहिली जाते. ‘घरापर्यंत फायबर’ आणि ‘कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत फायबर’ यांत फरक आहे. तो सही करण्यापूर्वी विचारावा.

२०२३ पासून आपल्याकडे हवेतून, म्हणजे ५-जीवरून घरी येणारी कनेक्शनेही निघाली. जिथे तार पोचत नाही तिथे ती वरदानच आहेत आणि सिनेमाला उत्तम. पण टॉवरवर संध्याकाळी गर्दी झाली की त्यांचा ठेका चुकू शकतो. शर्यतीला सरासरीपेक्षा ठेका महत्त्वाचा. कायम चाळीस मिलिसेकंद असलेला पिंग परवडला, पण आत्ता पंधरा आणि मग दीडशे हा नको. कायमच्या उशिराची हाताला सवय होते. उपग्रहाचे म्हणाल, तर विषुववृत्तावरचा स्थिर उपग्रह जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंच असतो. तिथून निरोप जाऊन-येऊन अर्धा सेकंद जातो. शर्यतीसाठी तो कामाचा नाही. पाच-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांची गोष्ट वेगळी.

दुसरा प्रश्न : खेळाचे सर्व्हर कुठे आहेत? मुंबईत असतील तर उत्तम. सिंगापूरला असतील तर सरळ रेषेतसुद्धा ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंद कोणीही वाचवू शकत नाही. युरोपात असतील तर शंभराच्या वरच समजा. कितीही महागडा प्लॅन घेतला तरी प्रकाशाला कोणी लाच देऊ शकत नाही. मात्र कंपनी-कंपनीत फरक पडतो तो रस्त्याचा. परदेशी जाणाऱ्या समुद्रातल्या तारा आपल्याकडे मुख्यतः मुंबईला आणि चेन्नईला किनाऱ्याला लागतात. एखादी कंपनी सिंगापूरचा निरोप सरळ चेन्नईहून नेते, दुसरी आडवाटेने फिरवून नेते. २०२४ आणि २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात तारा तुटल्या तेव्हा घरातला राउटर ठणठणीत असूनही युरोपचे निरोप लांबून फिरून येत होते. म्हणून विक्रेत्याच्या कागदावर विसंबू नये. आपल्याच गल्लीत ज्याच्याकडे ते कनेक्शन आहे त्याच्या घरी रात्री साडेनऊला चहाला जावे आणि पिंग मोजून यावे. आम्ही तीन घरी गेलो. दोन घरी चहा मिळाला, तिसऱ्या घरी चहाही मिळाला आणि योग्य कनेक्शनही.

तिसरा प्रश्न पत्त्याचा. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडतात, म्हणून अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देतात. म्हणजे टपाल इमारतीपर्यंत येते, पण पाकिटावर फ्लॅटचा नंबर नसतो. ब्राउझिंगला काही अडत नाही. पण मित्राने मित्राच्या घरी शर्यत भरवायची झाली की ‘जोडता येत नाही’ असा निरोप येतो. त्यासाठी स्वतंत्र पत्ता मागावा लागतो आणि बहुधा त्याचे वेगळे पैसे पडतात. सर्व्हरवरच खेळणाऱ्याला ते भरायची गरज नसते.

आणि चौथी गोष्ट घरातलीच. आमचा राउटर सोप्यात, देवघरामागच्या कोनाड्यात होता. मधे जुन्या घराची दीड फुटी भिंत. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, बाकीच्यांनी थांबायचे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात शेजारपाजारचे राउटर असतात, ब्लूटूथ असते, मायक्रोवेव्हसुद्धा तिथेच गडबड करतो. यावर उपाय एकच : तार. वीस मीटर तार विकत आणली. भिंतीला भोक पाडायला सौभाग्यवतींचा विरोध होता. शेवटी चौकटीच्या कडेने, तोरणामागून तार नेली. राउटरमध्ये रांगेला शिस्त लावण्याची सोय असते. ती चालू करून खेळाच्या निरोपांना पुढचा मान दिला. तार आणि ही शिस्त, एवढ्यानेच निम्मे दुखणे गेले. ते आधी कळते तर तीनशेचे पैसे वाचले असते.

राहिली बंदी. चिरंजीवांनी वहीच्या पानांची छायाचित्रे पंचांना पाठवली आणि सविस्तर पत्र लिहिले. चार दिवसांनी उत्तर आले. ‘जाणूनबुजून’ हा शब्द त्यांनी काढून टाकला. बंदी मात्र तशीच ठेवली. म्हणाले, ब्रेक निकामी असलेली गाडी रस्त्यावर आणणे हीसुद्धा चूकच आहे. ज्याला धडक बसली त्याची शर्यत तर गेलीच ना?

मला राग आला. मुलाला आला नाही. त्याने मला सांगितले, की ‘आयरेसिंग’ नावाचा २००८ पासून चालणारा नावाजलेला खेळ आहे. त्यात दोन गाड्यांची जोराची टक्कर झाली की चूक कोणाची हे न बघता दोघांच्याही खात्यावर काळे गुण लागतात, कारण यंत्राला नियत दिसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ल मॉंच्या २४ तासांच्या आभासी शर्यतीत तर खुद्द विश्वविजेता मॅक्स व्हर्स्टॅपेन आघाडीवर असताना संपर्क तुटून मागे पडला होता. ‘‘त्याचं जिथं असं होतं तिथं माझं काय, बाबा? पण त्या पोराची शर्यत गेली हे खरं आहे.’’ त्याने त्या बंगळूरच्या मुलाला निरोप पाठवून माफी मागितली होती. हे तो मला सहज, जाता जाता सांगून गेला. धडक दिली नसताना माफी, आणि मी मात्र चूक कबूल कर म्हणून त्याला उपदेश करत होतो!

बंदी संपली. परवाच्या शनिवारी चाक पुन्हा टेबलावर चढले. मी देवळातून आलो, फोन खिशातून काढला आणि चार्जरकडे हात गेला, तसा थांबलो. आता चित्रण वर पाठवायची वेळ मी पहाटे चारची करून ठेवली आहे. तरीसुद्धा फोन फळीवर तसाच ठेवला. आत शर्यत सुरू झाली होती. अण्णांनी विचारले, ‘‘कितवा हाय पोरगा?’’

मी दारातून डोकावलो. ‘‘सातवा, अण्णा.’’

‘‘कुनाच्या बाजूनं बघून सांगतोयस?’’ अण्णा म्हणाले.